आयपी ॲड्रेस म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हे!



ऑनलाइन विक्रीची बॅच संपली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझ्या वेबसाइटच्या रिपोर्टमध्ये निम्म्याहून जास्त लोक मुंबई-पुण्याचे दिसतात. सोलापूरचे अगदी थोडे. मग सोलापुरातली जाहिरात बंद करून सगळं बजेट मुंबईला वळवू का?"

माझं उत्तर दरवेळी एकच असतं. त्या रिपोर्टवर विसंबून एक रुपयाही इकडचा तिकडे करू नका. आधी तो रिपोर्ट गाव ओळखतो कसा, ते समजून घ्या. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकावं लागतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आयपी ॲड्रेसवरून देश बऱ्यापैकी कळतो, राज्याबद्दल शंका ठेवावी लागते, शहर हा अंदाज असतो आणि घर किंवा माणूस तर त्यावरून अजिबात कळत नाही. त्यामुळे धंद्याचा कोणताही निर्णय, विशेषतः एखाद्या गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचा निर्णय, फक्त त्याच्या आधारावर घेऊ नये.

गाव कळतं तरी कसं?

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक कनेक्शनला एक नंबर लागतो, तो आयपी ॲड्रेस. हे नंबर वाटण्याची एक उतरंड आहे. आशिया-पॅसिफिक भागासाठी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची एपनिक ही संस्था नंबरांचे गठ्ठे सांभाळते. भारतात आयआरआयएनएन हे काम बघते. तिथून गठ्ठे इंटरनेट कंपन्यांकडे जातात आणि कंपनी त्यातला एखादा नंबर तुमच्या-माझ्या कनेक्शनला देते.

आता गंमत बघा. या नंबरात गावाचं नाव कुठंच लिहिलेलं नसतं. गठ्ठा कोणत्या कंपनीला दिला एवढीच नोंद असते. तो नंबर कंपनीने अकलूजला वापरला की अंधेरीला, हे बाहेरच्याला कळायला सरळ मार्ग नाही. मग मॅक्समाइंड, आयपीटूलोकेशन अशा काही कंपन्या इकडून तिकडून खुणा गोळा करतात, त्यातून अंदाज बांधतात आणि त्याची यादी विकतात. आपल्या वेबसाइटचे प्लगइन आणि रिपोर्ट बहुतेक वेळा असल्याच कुठल्या तरी यादीवर चालतात. मॅक्समाइंड तर आपल्या यादीत अंदाजासोबत "इतक्या किलोमीटरच्या परिघात" असा आकडाही देते. म्हणजे विकणारा स्वतःच सांगतोय की हे ठिकाण नेमकं नाही. पण आपल्या रिपोर्टमध्ये तो परीघ दिसत नाही, नुसतं "मुंबई" दिसतं.

परीघ म्हणजे किती मोठा घोळ? सोलापूरभोवती ५० किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात मोहोळ येतं, अक्कलकोट येतं आणि दुसऱ्या जिल्ह्यातलं तुळजापूरही येतं. कुरिअरवाल्याला "यापैकी कुठंतरी पोचव" असं सांगून बघा!

आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रान्सपोर्टची बिल्टी आठवा. बिल्टीवर बुकिंग ऑफिसचं नाव असतं. चादर विणणाऱ्याचं घर कुठल्या पेठेत आहे, ते त्यावर नसतं. आयपी ॲड्रेसवरून मिळणारं गावही तसंच, कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या सोयीचं. माणसाचं गाव तेच असेल असं नाही.

मोबाइलवर तर आणखी घोळ

आपलं गिऱ्हाईक येतं मोबाइलवरून. त्याचा डेटा आधी मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून फिरतो आणि मग एखाद्या मोठ्या शहरातल्या नाक्यावरून बाहेरच्या इंटरनेटवर पडतो. वेबसाइटला दिसतो तो हा नाका. त्यामुळे जुळे सोलापुरात घरी बसून तुमच्या शेंगा चटणीचे फोटो बघणारी ताई रिपोर्टमध्ये मुंबईची म्हणून नोंदली जाऊ शकते.

दुसरी अडचण नंबरांच्या टंचाईची. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण नंबर साधारण ४२९ कोटी. तेही सगळ्या जगाला मिळून. एकट्या भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर, त्यात एकेका घरात चार-चार मोबाइल. पुरणार कसे? म्हणून कंपन्या एकाच नंबरामागे अनेक ग्राहक बसवतात. आज सकाळी जो नंबर तुमच्याकडे होता, तो संध्याकाळी दुसऱ्या कोणाकडे असू शकतो. नवीन पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, नंबर मुबलक आहेत आणि आपल्याकडे मोबाइलवर ते भरपूर वापरलेही जातात. पण नंबर मुबलक झाले म्हणून त्यात गावाचं नाव उमटत नाही. ठिकाणाचा अंदाज तिथंही अंदाजच राहतो.

आणि व्हीपीएन वापरणारे वेगळेच. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर बंद केले, पण ग्राहकांना "भारताचा" आयपी ॲड्रेस देणं चालू ठेवलं. ते सर्व्हर होते सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये. देश बऱ्यापैकी कळतो असं मी वर म्हणालो, त्यातल्या "बऱ्यापैकी" शब्दाचा अर्थ हा.

चूक झाली तर काय होतं? दोन खऱ्या घटना

तुम्ही म्हणाल, "सर, थोडं मागे-पुढे झालं तर काय बिघडतं?" बिघडतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं अमेरिकेतलं. मॅक्समाइंडच्या यादीत काही नंबरांबद्दल एवढंच माहीत होतं की ते अमेरिकेतले आहेत. गाव माहीत नाही. मग अशा नंबरांसाठी कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक सोयीचा बिंदू धरला. तो नकाशावर पडला कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. ६० कोटींहून जास्त आयपी ॲड्रेस त्या एका घराच्या नावावर लागले! देशात कुठंही ऑनलाइन फसवणूक झाली की पोलीस, तपास अधिकारी आणि चिडलेले लोक त्या शेतात येऊन उभे राहायचे. घरच्यांना वर्षानुवर्षं कळेचना की आपण केलंय काय. २०१६ मध्ये एका पत्रकार बाईने याचा छडा लावला, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन टाकला.

लक्षात घ्या, यादीत खोटं कोणी लिहिलं नव्हतं. "माहीत नाही" लिहायच्या ठिकाणी एक नेमका दिसणारा बिंदू लिहिला, एवढंच झालं. आपल्या रिपोर्टमध्ये "मुंबई" दिसतं, त्यातही किती ठिकाणी खरं म्हणजे "माहीत नाही" असायला हवं होतं, याचा विचार करा.

दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आणि जास्त गंभीर. २००७ साली ऑर्कुटवर कोणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल अत्यंत आक्षेपार्ह मजकूर टाकला. लोक संतापले, ते स्वाभाविकच होतं. पुणे पोलिसांच्या सायबर शाखेने तपास सुरू केला. मजकूर टाकणाऱ्याचा आयपी ॲड्रेस मिळाला, तो एअरटेलचा निघाला. त्या वेळी तो नंबर कोणाकडे होता असं कंपनीला विचारल्यावर बेंगळुरूच्या एका तरुण आयटी इंजिनिअरचं नाव आलं. ऑगस्टच्या अखेरीस पोलिसांनी त्याला घरातून उचलून पुण्याला आणलं. त्यानंतर सुमारे ५० दिवस तो तुरुंगात होता. आणि शेवटी काय निघालं? कंपनीकडून आलेली माहितीच चुकीची होती. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

हे पुणे प्रकरण कॅन्ससपेक्षा वेगळं आहे, तो फरकही समजून घ्या. इथं कोणी विकतच्या यादीवरून अंदाज केला नव्हता. ज्या कंपनीने नंबर दिला होता, तिच्याच नोंदवहीतून नाव आलं होतं. म्हणजे जिथं माहिती सर्वात पक्की असायला हवी, तिथंही चूक झाली. नंबर लोकांमध्ये फिरत असतो, त्यामुळे "कोणता नंबर" याच्या जोडीला "नेमक्या कोणत्या वेळी" हेही तंतोतंत जुळावं लागतं. एक धागा चुकला की दुसऱ्याच माणसाचं नाव येतं. पोलीस आणि कंपनी या दोघांच्या हातात सगळी साधनं असताना हे घडलं. तुमच्या-माझ्या हातात असतं एक फुकटचं प्लगइन. त्याच्या जिवावर "हा फ्रॉड आहे" असा शिक्का कोणावर मारायचा आपल्याला काय अधिकार?

कायदासुद्धा एका पुराव्यावर थांबत नाही

आता जीएसटीचं बघा. परदेशातली कंपनी आपल्याकडच्या ग्राहकाला ॲप, सॉफ्टवेअर किंवा सिनेमे ऑनलाइन विकते, तेव्हा ग्राहक भारतात आहे की नाही हे ठरवावं लागतं. २०१७ च्या आयजीएसटी कायद्याच्या कलम १३ मध्ये त्यासाठी सात खुणा दिल्या आहेत. ग्राहकाने दिलेला पत्ता, बिलिंगचा पत्ता, कार्ड कुठलं, बँक कुठली, सिमचा देश कोणता, लँडलाइन कुठली आणि आयपी ॲड्रेस. यातल्या कोणत्याही दोन खुणा एकमेकींशी न भांडता जुळल्या, तरच ग्राहक भारतात आहे असं धरायचं.

बघा, आयपी ॲड्रेस यादीत आहे. पण एकट्याने पुरेसा नाही. आणि तेही फक्त देश ठरवण्यासाठी! सरकार देश ठरवायला दोन पुरावे मागतं आणि आपण एका पुराव्यावर गल्ली ठरवायला निघतो.

छोट्या धंद्यानेही हाच नियम घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. दोन खुणा जुळल्याशिवाय ठिकाण धरायचं नाही.

तुमचे पैसे कुठं गळतात?

पहिली गळती जाहिरातीत. गूगल ॲड्समध्ये तुम्ही "सोलापूर" निवडता आणि खूश होता. पण लोकेशनच्या सेटिंगमध्ये आधीपासून निवडलेला जो पर्याय असतो, त्यात सोलापुरात असलेल्यांबरोबर सोलापुरात रस दाखवणारेही येतात. म्हणजे दिल्लीत बसून "सोलापुरी चादर" शोधणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते. चादर कुरिअरने पाठवत असाल तर उत्तमच. पण तुमचं ब्युटी पार्लर होटगी रोडला असेल, तर दिल्लीच्या क्लिकचे पैसे कशाला भरायचे? दुसरा पर्याय निवडा, फक्त त्या ठिकाणी असलेले लोक. एवढं करूनही शंभर टक्के नेमकेपणा येत नाही. आयपी ॲड्रेसशिवाय मोबाइलचं जीपीएस, आसपासचं वायफाय, टॉवर अशा बऱ्याच खुणा गूगल वापरतं, तरी शेवटी तोही अंदाजच. पण साध्या प्लगइनपेक्षा बराच बरा.

दुसरी गळती गिऱ्हाईक परत पाठवण्यात. कॅश ऑन डिलिव्हरीच्या खोट्या ऑर्डरींनी सगळेच वैतागलेत, मान्य. माल जातो, परत येतो, दोन्हीकडचं भाडं आपल्या बोकांडी. मग कोणीतरी सल्ला देतं की अमुक राज्यातून दिसणाऱ्या ऑर्डरी प्लगइन लावून बंद करा. सोलापूरकराने तर हे करूच नये! आपलं शहर सीमेवरचं. विजयपूर आणि कलबुर्गीचं गिऱ्हाईक आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येतंय. गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे आहेत, त्यांचे नातेवाईक तेलंगणात आणि कर्नाटकात आहेत. हैदराबादची ऑर्डर म्हणजे इथल्याच कोणाच्या तरी पाहुण्यांची असू शकते. आणि रिपोर्टमध्ये हैदराबाद दिसलं, तरी माणूस अशोक चौकातला निघू शकतो.

खोटी ऑर्डर ओळखायची असेल तर फोन करा. पत्ता बोलून कन्फर्म करा. मोठी ऑर्डर असेल तर थोडा ॲडव्हान्स घ्या. एका मिनिटाच्या फोनवर जे कळतं, ते कुठलंही प्लगइन सांगणार नाही.

तिसरी गळती चुकीच्या निष्कर्षात. "मुंबईचे लोक जास्त" असं समजून भाषा बदलली, दर बदलले, मुंबईच्या प्रदर्शनात स्टॉल बुक केला. खर्च खरा होता, मुंबई मात्र फक्त रिपोर्टमध्येच होती.

मग करायचं काय? सरळ विचारा

आपल्याकडे ठिकाण सांगण्यासाठीच बनवलेला एक नंबर आहे, पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. नावांचे आणि भाषांचे घोटाळे होऊन पत्रं भलतीकडे जाऊ नयेत, हाच उद्देश. पहिला आकडा विभागाचा, पहिल्या तीन आकड्यांवरून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटच्या तीनवरून पोस्ट ऑफिस.

पण इथंही अर्धवट वाचू नका. ४१३ ने सुरू झालं की सोलापूर जिल्हाच, असं नाही. ४१३००१ सोलापूर, ४१३३०४ पंढरपूर, इथपर्यंत ठीक. पण ४१३५१२ लातूर आहे, ४१३५०१ धाराशिव आहे आणि ४१३१०२ चक्क बारामती! सहाही आकडे घ्या, मगच पोस्ट ऑफिस कळतं.

म्हणून वेबसाइटवर आल्या आल्या गिऱ्हाइकाला विचारा, "तुमचा पिनकोड टाका, डिलिव्हरी कधी मिळेल ते सांगतो." त्याला उपयोगाची माहिती मिळते आणि तुम्हाला खरं ठिकाण. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेत असाल तर सुरुवातीच्या मेसेजमध्येच पिनकोड मागा. दुकान शोधत येणाऱ्याला लोकेशन पाठवायला सांगा. गरज आहे तेवढंच विचारा, हेही लक्षात असू द्या. गिऱ्हाइकाच्या माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलेला आहे. पिनकोडसाठी आधार नंबर मागायची गरज नाही.

तर मग आयपी ॲड्रेस टाकाऊच का?

नाही, असं मी म्हणत नाही. परदेशातून येणाऱ्याला डॉलरमध्ये दर दाखवायचा असेल, तर सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा. फक्त तो बदलायची सोय द्या. एकाच रात्रीत एकाच नंबरवरून तीस ऑर्डरी आल्या तर सावध व्हा, तिथं नंबराचा उपयोग होतो. पण आधी हेही बघा की ते एखादं हॉस्टेल किंवा कॉलेजचं वायफाय तर नाही ना. बँकाही संशयास्पद व्यवहार पकडताना ही खूण बघतात, पण दहा खुणांपैकी एक म्हणून.

मी बॅचमध्ये हे असं लिहून देतो, तुम्हीही वहीत लिहा:

देश ठरवायचा, चूक झाली तर नुकसान नाही: आयपी ॲड्रेस चालेल.
जाहिरातीचं बजेट ठरवायचं: आयपी ॲड्रेसच्या जोडीला ऑर्डरींचे पिनकोड बघायचेच.
कोणाची ऑर्डर नाकारायची किंवा कोणावर आरोप करायचा: आयपी ॲड्रेस बाजूला ठेवायचा, माणसाशी बोलायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

शेवटच्या ५० ऑर्डरी काढा. एका रकान्यात डिलिव्हरीचा पिनकोड लिहा. दुसऱ्या रकान्यात तुमच्या वेबसाइटने त्या ऑर्डरीसाठी दाखवलेलं शहर लिहा. प्रत्येक ऑर्डरीचं शहर दिसत नसेल, तर त्याच काळातला शहरांचा एकूण रिपोर्ट शेजारी ठेवा. किती जुळतात ते मोजा. हा आकडा तुमच्या धंद्याचा, तुमच्या गिऱ्हाइकांचा असेल. कोणत्याही कंपनीच्या दाव्यापेक्षा तो तुमच्या जास्त कामाचा. चांगलं जुळत असेल तर रिपोर्टवर थोडा विश्वास वाढवा. जुळत नसेल तर जाहिरातीचं पुढचं बजेट पिनकोडच्या यादीवरून ठरवा.

आकडे दुकानात घेऊन या किंवा व्हिडिओखाली टाका, पुढच्या भागात आपण त्यावरून प्रत्यक्ष बजेट बनवून बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, जोरात करा!